फ्रान्झ ऑस्टेन : एका जर्मन दिग्दर्शकाचे मुंबईतील कार्य आणि चरित्रपर माहितीपटापुढील ऐतिहासिक प्रश्न

प्रस्तावना

भारतीय चित्रपटाचा इतिहास लिहिताना दादासाहेब फाळके, बाबुराव पेंटर, व्ही. शांताराम या मराठी चित्रमहर्षींचा उल्लेख आपण अभिमानाने करतो व तो योग्यच आहे. परंतु या इतिहासाचा एक धागा जर्मनीशी जोडलेला आहे, याची जाणीव अभ्यासकांखेरीज इतरांस फारशी नसते. फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी मुद्रणव्यवसायाच्या निमित्ताने जर्मनीस जाऊन आले होते. प्रभात फिल्म कंपनीच्या 'सैरंध्री' (१९३३) या चित्रपटाच्या रंगीत प्रती तयार करण्यासाठी शांताराम यांनी जर्मनी गाठली होती. हे जाणे इकडून तिकडे होते. तिकडून इकडे आलेल्यांत सर्वांत महत्त्वाचे नाव फ्रान्झ ऑस्टेन यांचे आहे. १९२५ ते १९३९ या काळात त्यांनी भारतात तीन मूकपट व मुंबईच्या मालाड उपनगरातील बॉम्बे टॉकीजसाठी सुमारे पंधरा बोलपट दिग्दर्शित केले. 'अछूत कन्या' (१९३६) हा त्यांपैकी सर्वाधिक गाजलेला चित्रपट होय.

अस्पृश्यतेच्या प्रश्नावरील हा चित्रपट ज्या वर्षी प्रदर्शित झाला, त्याच १९३६ साली त्याचे दिग्दर्शक जर्मनीतील नाझी पक्षाचे सदस्य झाले. एकाच व्यक्तीच्या जीवनातील या दोन घटनांची संगती कशी लावावी, हा प्रस्तुत निबंधाचा मूळ प्रश्न आहे. ऑस्टेन यांच्यासारख्या व्यक्तीचे जीवन व कार्य माहितीपटाच्या रूपाने मांडावयाचे झाल्यास निर्मात्यास या प्रश्नास सामोरे जावेच लागेल. माहितीपट हे आज इतिहासकथनाचे प्रभावी साधन झाले आहे. महाविद्यालयीन वर्गातही त्याचा वापर वाढला आहे. म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने या साधनाच्या शक्तीचा आणि मर्यादांचा विचार करणे अगत्याचे ठरते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) फ्रान्झ ऑस्टेन यांच्या भारतातील कार्याचा कालानुक्रमे परामर्श घेणे.
२) त्यांच्या चित्रपटांतील सामाजिक आशय व त्यांची राजकीय बांधिलकी यांतील विसंगतीची चिकित्सा करणे.
३) दिग्दर्शकाच्या जीवनावरील माहितीपट हे इतिहासाचे साधन म्हणून तपासणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. अभ्यासाची व्याप्ती १९२५ ते १९४० हा कालखंड व मुंबई ही भूमी यांपुरती ठेवली असून, तुलनेसाठी अन्य जर्मन कलावंतांचा व माहितीपटांचा आधार घेतला आहे.

१. म्युनिक ते जयपूर

फ्रान्झ ऑस्टेन यांचे मूळ आडनाव ओस्टरमायर. त्यांचा जन्म २३ डिसेंबर १८७६ रोजी म्युनिक येथे झाला. घरचा व्यवसाय छायाचित्रणाचा होता. फ्रान्झ व त्यांचे धाकटे बंधू पीटर यांनी १९०७ मध्ये फिरत्या चित्रपटगृहाचा व्यवसाय आरंभिला. पुढे पीटर ओस्टरमायर यांच्या पुढाकाराने म्युनिकमध्ये 'एमेल्का' ही चित्रपटसंस्था उभी राहिली. बव्हेरियाच्या डोंगराळ खेड्यांतील साधी माणसे, त्यांचे प्रेम, त्यांची कुलप्रतिष्ठा यांवर आधारलेले भावनाप्रधान चित्रपट हे पीटर यांचे वैशिष्ट्य ठरले. ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण पुढे मालाड येथे तयार झालेल्या ग्रामीण कथांशी तिचे नाते आहे.

एमेल्काकडे १९२४ च्या सुमारास हिमांशू राय हे बंगाली तरुण गृहस्थ एक प्रस्ताव घेऊन आले. कायद्याचे शिक्षण घेण्यासाठी विलायतेस गेलेले राय रंगभूमीकडे वळले होते. एडविन आर्नोल्ड यांच्या बुद्धचरित्रपर काव्यावर चित्रपट काढावा, कलावंत व स्थळे भारतीय असावीत आणि तंत्रज्ञ व यंत्रसामग्री जर्मन असावी, अशी त्यांची योजना होती. भारतीय बाजूचे भांडवल दिल्लीच्या ग्रेट ईस्टर्न फिल्म कॉर्पोरेशनने पुरविले. पटकथा निरंजन पाल यांची होती. बिपिनचंद्र पाल यांचे हे चिरंजीव. १९२५ मध्ये ऑस्टेन आपल्या छायाचित्रकारांसह मुंबईच्या बंदरात उतरले. या चमूत अवघ्या एकवीस-बावीस वर्षांचे जोसेफ विर्शिंग होते.

'प्रेम संन्यास' अथवा 'लाइट ऑफ एशिया' या नावाने ओळखला जाणारा हा मूकपट जयपूर संस्थानच्या साहाय्याने चित्रित झाला. हत्ती, घोडे, राजवाडे, पोशाख हे सर्व संस्थानाकडून मिळाले. स्वतः राय यांनी गौतमाची भूमिका केली, तर गोपेच्या भूमिकेत सीता देवी या नावाने प्रसिद्ध झालेल्या रेनी स्मिथ ही अँग्लो-इंडियन तरुणी होती. चित्रपटाच्या आरंभी युरोपीय प्रवासी भारत पाहावयास येतात आणि एक वृद्ध त्यांना बुद्धाची कथा सांगतो, अशी योजना आहे. म्हणजे भारताची कथा भारतीय कलावंत सादर करीत असले, तरी ती ऐकणारा व पाहणारा युरोपीय आहे, हे पहिल्याच दृश्यात ठरून जाते. हा चित्रपट युरोपात चांगला चालला. भारतात त्यास तितकेसे यश लाभले नाही.

त्यानंतर ताजमहालाच्या कल्पित कथेवरील 'शिराझ' (१९२८) व महाभारतातील द्यूतप्रसंगावरून स्फुरलेला 'प्रपंच पाश' (१९२९) हे दोन मूकपट झाले. या तिन्ही चित्रपटांतील प्रत्यक्ष स्थळांचे चित्रण हे आज ऐतिहासिक साधन म्हणूनही मोलाचे आहे. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने 'शिराझ'चे पुनरुज्जीवन करून २०१७ मध्ये अनुष्का शंकर यांच्या संगीतासह तो लंडनमध्ये व नंतर मुंबईसह भारतातील काही शहरांत दाखविला. नव्वद वर्षांपूर्वीचा मूकपट नव्या प्रेक्षकासमोर अशा रीतीने आला. मात्र ऑस्टेन कोण होते, हे त्या प्रेक्षकांपैकी किती जणांस ठाऊक होते, हा प्रश्न उरतोच.

२. मालाडचा स्टुडिओ

१९३३ मध्ये जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. बर्लिनच्या उफा या बलाढ्य संस्थेत काही काळ अनुभव घेतलेले हिमांशू राय व त्यांच्या पत्नी देविका राणी त्यानंतर भारतात परतले आणि १९३४ मध्ये त्यांनी बॉम्बे टॉकीज लिमिटेडची स्थापना केली. एफ. ई. दिनशा यांच्या मालाड येथील मालमत्तेवर स्टुडिओ उभा राहिला. सर चिमणलाल सेटलवाड यांच्यासारख्या प्रतिष्ठितांची नावे कंपनीशी जोडली गेली. एखाद्या शेठजींच्या मर्जीवर चालणाऱ्या कंपनीऐवजी भागधारकांची, लेखी हिशेबाची, विभागवार रचनेची संस्था उभारण्याचा हा प्रयत्न होता.

या संस्थेचा तांत्रिक कणा जर्मन होता. दिग्दर्शक ऑस्टेन, छायाचित्रकार विर्शिंग, नेपथ्यकार कार्ल फॉन श्प्रेटी व प्रयोगशाळेचे प्रमुख विल्हेल्म झोले हे चौघे जर्मनीहून आले. ध्वनिमुद्रणाची जबाबदारी इंग्रज तंत्रज्ञ लेन हार्टली यांच्याकडे होती. यांतील श्प्रेटी पुढे पश्चिम जर्मनीचे राजदूत झाले व १९७० मध्ये ग्वाटेमाला येथे बंडखोरांनी त्यांचे अपहरण करून त्यांची हत्या केली. मालाडच्या स्टुडिओतून निघालेले रस्ते किती दूरवर गेले, याचे हे एक उदाहरण होय.

या परदेशी मंडळींच्या हाताखाली भारतीय तरुणांची एक पिढी तयार झाली. संगीताची धुरा सरस्वती देवी या नावाने काम करणाऱ्या खुर्शीद होमजी या पारशी विदुषीकडे होती. पारशी कुटुंबातील स्त्रिया चित्रपटात काम करतात म्हणून त्या समाजातून मोठा विरोध झाला, तरी कंपनीने त्यांना बदलले नाही. संकलनाच्या विभागात दत्ताराम पै होते. ध्वनिविभागात सावक वाच्छा तयार झाले. प्रयोगशाळेत उमेदवारी करणारे अशोककुमार 'जीवन नैया' (१९३६) मध्ये नायक झाले. ऑस्टेन यांनी प्रथम या तरुणास नायक म्हणून नापसंत केले होते, अशी आख्यायिका चित्रपटविषयक लेखनात वारंवार येते. अशा आख्यायिका रंजक असतात. परंतु त्या बहुधा यशस्वी झालेल्या व्यक्तीच्या बाजूने सांगितलेल्या असतात, हे अभ्यासकाने विसरू नये.

मराठी वाचकाच्या दृष्टीने आणखी एक नाव महत्त्वाचे आहे. ऑस्टेन यांच्या अखेरच्या 'कंगन' (१९३९) या चित्रपटाच्या नायिका लीला चिटणीस होत्या. मराठी रंगभूमीवरून चित्रपटात आलेल्या या सुविद्य अभिनेत्रीने पुढे 'चंदेरी दुनियेत' हे आत्मचरित्र लिहिले. स्नेहप्रभा प्रधान यांनी ऑस्टेन गेल्यानंतर 'पुनर्मिलन' (१९४०) मध्ये काम केले व त्यांनीही 'स्नेहांकिता' हे आत्मचरित्र लिहिले. बॉम्बे टॉकीजचा इतिहास आजवर प्रामुख्याने इंग्रजी व जर्मन साधनांवरून लिहिला गेला आहे. स्टुडिओच्या आतील जीवनाकडे स्त्री-कलावंताच्या दृष्टीने पाहणारी ही मराठी आत्मचरित्रे त्यात पुरेशी वापरली गेलेली नाहीत.

३. 'अछूत कन्या' आणि कर्तृत्वाचा प्रश्न

'अछूत कन्या'ची कथा सुपरिचित आहे. रेल्वे फाटकावरील अस्पृश्य गेटमनची मुलगी कस्तुरी आणि ब्राह्मण दुकानदाराचा मुलगा प्रताप यांचे प्रेम समाजास मान्य होत नाही. दोघांची लग्ने अन्यत्र होतात. संशय व द्वेष यांतून फाटकावर मारामारी उद्भवते आणि येणारी आगगाडी थांबविण्याच्या प्रयत्नात कस्तुरीचा अंत होतो. देविका राणी व अशोककुमार यांच्या भूमिकांमुळे हा चित्रपट देशभर लोकप्रिय झाला.

या चित्रपटाचे कर्तृत्व कोणाचे? श्रेयनामावलीत दिग्दर्शक म्हणून ऑस्टेन यांचे नाव आहे. पण कथा निरंजन पाल यांची, संवाद जे. एस. कश्यप यांचे, संगीत सरस्वती देवींचे आणि विषयाची निवड व अंतिम निर्णय हिमांशू राय यांचे. ऑस्टेन यांना हिंदुस्थानी भाषा येत नव्हती, ते दुभाष्यांच्या साहाय्याने काम करीत. ज्या भाषेत पात्रे बोलतात ती भाषा न समजणारा दिग्दर्शक कोणत्या अर्थाने त्या चित्रपटाचा कर्ता ठरतो? चौकटीची मांडणी, प्रकाशयोजना, नटांच्या हालचाली व कथेची गती यांवर त्यांचा ठसा निश्चित आहे. फाटक, खांब, धावती गाडी यांची विर्शिंग यांनी टिपलेली दृश्ये आजही परिणामकारक वाटतात. परंतु चित्रपटातील सामाजिक विचार ऑस्टेन यांच्या खाती जमा करणे ऐतिहासिकदृष्ट्या न्याय्य होणार नाही.

त्या विचाराचे स्वरूपही तपासले पाहिजे. येवल्याच्या परिषदेत १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली होती. १९३६ मध्ये जातिसंस्थेच्या निर्मूलनाविषयीचे त्यांचे न झालेले लाहोरचे भाषण पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्याच वर्षाच्या मे-जूनमध्ये मुंबईत महार परिषद भरली. म्हणजे मालाड येथे कस्तुरीचे बलिदान चित्रित होत असता, त्याच मुंबईत अस्पृश्य समाज बलिदानाची नव्हे तर हक्कांची भाषा बोलत होता. 'अछूत कन्या' सवर्ण प्रेक्षकाच्या अंतःकरणास हात घालते, त्यास अश्रू ढाळावयास लावते. पण व्यवस्था आहे तेथेच राहते व तिची किंमत अस्पृश्य स्त्री प्राण देऊन चुकविते. चित्रपटाचे धाडस मान्य करूनही ही मर्यादा नोंदविली पाहिजे.

येथे बव्हेरियन ग्रामकथांशी असलेले साम्य अर्थपूर्ण ठरते. गावाची रूढी, तीविरुद्ध जाणारे निष्पाप प्रेम व अखेरीस त्यागाने होणारे शुद्धीकरण हा साचा ऑस्टेन यांच्या परिचयाचा होता. म्हणून या चित्रपटासाठी त्यांना आपली राजकीय धारणा बदलावी लागली नाही. करुणा व त्याग यांचा गौरव करणारी कथा समतेची मागणी करतेच असे नाही.

४. पक्षसदस्यत्व व त्याविषयीचे मौन

ऑस्टेन १९३६ मध्ये नाझी पक्षाचे सदस्य झाले. या वस्तुस्थितीची दखल भारतीय चित्रपटविषयक लेखनात दीर्घकाळ घेतली गेली नाही. 'जर्मन तंत्राची शिस्त' असा गौरवपूर्ण शब्दप्रयोग करून विषय संपविण्याची प्रथा पडली. या मौनाची कारणे समजण्यासारखी आहेत. पहिले कारण असे की, आपल्याकडील राष्ट्रीय दृष्टिकोनातून तत्कालीन शत्रू ब्रिटिश होता, त्यामुळे ब्रिटिशांनी पकडलेल्या जर्मनाविषयी सहानुभूतीच वाटली. दुसरे कारण असे की, ऑस्टेन यांच्या भारतीय चित्रपटांत नाझी विचारांचा उघड प्रचार आढळत नाही.

तथापि या प्रश्नाचा निवाडा घाईने करता येत नाही. १९३६ मध्ये पक्षात जाणारी व्यक्ती श्रद्धेने गेली, की मायदेशी परतल्यावर व्यवसायाचे दार उघडे राहावे म्हणून गेली, हे केवळ सदस्यत्वाच्या नोंदीवरून सिद्ध होत नाही. परंतु हेतू कोणताही असो, कृती कृतीच राहते. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी जर्मनीतील ज्यूंचे नागरिकत्व हिरावून घेतले होते. त्यानंतर स्वीकारलेले हे सदस्यत्व अजाणतेपणाचे म्हणता येत नाही. जन्माधारित उच्चनीचतेचा निषेध करणाऱ्या चित्रपटाचा दिग्दर्शक जन्माधारित वंशभेदावर उभ्या असलेल्या पक्षाचा सदस्य होता, हे वाक्य ऑस्टेन यांच्या प्रत्येक चरित्रात यावयास हवे.

५. त्याच मुंबईतील दुसरे जर्मनभाषक

या वाक्याचे गांभीर्य त्याच शहरातील अन्य जर्मनभाषकांकडे पाहिल्यावर अधिक जाणवते. कार्ल्सबाड येथे जन्मलेले ज्यू संगीतकार वॉल्टर कॉफमन १९३४ मध्ये मुंबईत आले. त्यांनी आकाशवाणीवर काम केले आणि आकाशवाणीची सर्वपरिचित संकेतधून त्यांच्या नावाशी जोडली जाते. त्यांनी मोहन भवनानी यांच्या चित्रपटांसाठीही संगीत दिले. बर्लिनच्या वाङ्मयीन जगतातील प्रसिद्ध संपादक व पटकथाकार विली हास हेही ज्यू होते. १९३९ मध्ये ते मुंबईत पोहोचले व भवनानी यांच्याकडे पटकथा लिहू लागले. ज्या राजवटीमुळे कॉफमन व हास निर्वासित झाले, त्या राजवटीच्या पक्षाचे सदस्यत्व धारण करणारे ऑस्टेन त्याच शहराच्या एका उपनगरात चित्रपट करीत होते.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीने दोघांनाही काम दिले. यात उदारता होती, तशीच युरोपातील संकटाविषयी एक प्रकारची अलिप्तताही होती. तंत्र येते का, एवढाच प्रश्न विचारला जाई.

६. नजरकैद

३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि व्हाइसरॉयने भारतीय नेत्यांना न विचारता भारतही युद्धात सामील असल्याचे जाहीर केले. ब्रिटिश भारतातील जर्मन नागरिकांची धरपकड सुरू झाली. 'कंगन'चे काम चालू असतानाच ऑस्टेन यांना स्थानबद्ध करण्यात आले. वय साठीच्या पुढे असल्याने १९४० मध्ये त्यांची सुटका होऊन ते जर्मनीस परतले. त्यानंतर त्यांनी एकही भारतीय चित्रपट केला नाही. २ डिसेंबर १९५६ रोजी बव्हेरियातील बाड आयब्लिंग येथे त्यांचे निधन झाले.

या नजरकैदेचा भूगोल आपल्या परिसरातील आहे. जर्मन स्थानबद्धांची प्रमुख छावणी आरंभी अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे होती. तेथून पुढे देवळाली व १९४१ मध्ये देहरादून येथे स्थानबद्धांना हलविण्यात आले. काही कुटुंबे पुरंदर किल्ल्यावर व सातारा येथे ठेवली गेली. याच नगरच्या भुईकोट किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरू, मौलाना आझाद प्रभृती नेते बंदिवान होते. एकाच शहराने युद्धकाळात परस्परविरोधी अशा दोन प्रकारच्या ब्रिटिशविरोधकांचा बंदिवास पाहिला. जिल्हा गॅझेटियर, नगरपालिकेची दप्तरे व स्थानिक वृत्तपत्रे यांच्या आधारे या छावण्यांचा अभ्यास करणे हे आपल्या भागातील संशोधकांस सहज शक्य असलेले काम आहे.

विर्शिंग यांचे भवितव्य निराळे होते. युद्ध संपेपर्यंत ते वेगवेगळ्या छावण्यांत राहिले. पण सुटकेनंतर ते मायदेशी न जाता भारतातच थांबले. 'महल' (१९४९), 'दिल अपना और प्रीत पराई' (१९६०) यांचे छायाचित्रण त्यांचे आहे. 'पाकीजा'चे काम अपुरे असताना १९६७ मध्ये मुंबईतच त्यांचा अंत झाला. तो चित्रपट १९७२ मध्ये प्रदर्शित झाला. त्यांच्या कुटुंबीयांनी जपलेली स्टुडिओतील छायाचित्रे २०१७ मध्ये पणजी येथील सेरेंडिपिटी कला महोत्सवात प्रदर्शित झाली. त्यांत केवळ तारेतारका नाहीत. दिवे उचलणारे कामगार, जेवणाच्या सुटीत बसलेले तंत्रज्ञ, चित्रीकरणस्थळी जमलेले ग्रामस्थही दिसतात. बॉम्बे टॉकीजच्या इतिहासाला या छायाचित्रांनी नवी दिशा दिली.

आणखी एका जर्मनाचा येथे उल्लेख आवश्यक आहे. उफामध्ये उमेदवारी केलेले पॉल झिल्स युद्धकाळात डच ईस्ट इंडीजमध्ये सापडले व कैदी म्हणून भारतात आणले गेले. १९४५ मध्ये ज्या सरकारचे ते कैदी होते, त्याच सरकारच्या इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडियासाठी ते माहितीपट करू लागले. पुढे फली बिलिमोरिया यांच्यासह त्यांनी स्वतंत्र माहितीपटांची परंपरा घडविण्यात मोठा वाटा उचलला. १९४९ मध्ये जग मोहन यांच्या सहकार्याने 'इंडियन डॉक्युमेंटरी' हे नियतकालिकही काढले. भारतीय माहितीपटाच्या पायाभरणीतच एका जर्मन दिग्दर्शकाचा हात आहे. साहजिकच जर्मन दिग्दर्शकांवरील माहितीपट हा विषय आपल्यास परका नाही.

७. चरित्रपर माहितीपट : एक तुलनात्मक विचार

जर्मन दिग्दर्शकाच्या जीवनावरील माहितीपट कसा असतो, हे पाहण्यासाठी लेनी रीफेन्श्टाल यांचे उदाहरण उपयुक्त आहे. नाझी पक्षाच्या न्यूरेंबर्ग मेळाव्याचे चित्रण करणाऱ्या या दिग्दर्शिकेवर रे म्युलर यांनी १९९३ मध्ये तीन तासांचा माहितीपट केला. त्या वेळी रीफेन्श्टाल हयात होत्या व वयाची नव्वदी ओलांडूनही आपली बाजू जोरकसपणे मांडत होत्या. आपण केवळ कलावंत होतो, राजकारणाशी आपला संबंध नव्हता, हा त्यांचा दावा प्रेक्षकास त्यांच्याच मुखातून ऐकावयास मिळतो. म्युलर त्यांना प्रश्न विचारतात, अडवितात. पण पडद्यावरील व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव इतका मोठा आहे की, प्रश्न मागे पडून व्यक्तीच लक्षात राहते.

२००३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागे राहिलेला सुमारे ७०० खोक्यांचा संग्रह पुढे सार्वजनिक संस्थेकडे आला. त्याच्या आधारे आंद्रेस फाइएल यांनी केलेला 'रीफेन्श्टाल' हा माहितीपट २०२४ मध्ये व्हेनिस महोत्सवात दाखविला गेला. येथे साक्षीदार व्यक्ती नसून कागद आहे. पत्रे, टेलिफोनवरील संभाषणांची ध्वनिमुद्रणे, आत्मचरित्राचे खर्डे यांची परस्परांशी तुलना करून त्यांनी स्वतःविषयी रचलेली कथा कशी घडत गेली, हे त्यात दाखविले आहे. पहिला माहितीपट मुलाखतीवर उभा आहे, दुसरा दप्तरावर. इतिहासाच्या विद्यार्थ्यास मौखिक साधन व लिखित साधन यांतील भेद शिकविण्यासाठी याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

ऑस्टेन हे रीफेन्श्टाल नव्हेत. त्यांनी हिटलरचा गौरव करणारा चित्रपट भारतात केला नाही. पण त्यांच्यावरील माहितीपटासमोरही तोच मोह असेल. हत्ती, राजवाडे, सीता देवींचे लावण्य, देविका राणींचा चेहरा ही दृश्ये इतकी मोहक आहेत की, सदस्यत्वाची एक रुक्ष नोंद त्यांपुढे फिकी पडेल. माहितीपटाचे माध्यम ज्याचे चित्र उपलब्ध आहे त्याला अधिक वेळ देते. ज्याचे चित्र नाही ते त्यातून सहज निसटते. नेपथ्याच्या मागे राबणाऱ्या कामगाराचे नाव नसते, दुभाष्याचा आवाज मुद्रित झालेला नसतो. म्हणून चित्रांची उणीव शब्दांनी, कागदांनी व प्रसंगी पडद्यावरील रिक्ततेनेही भरून काढणे हे निर्मात्याचे कर्तव्य ठरते.

सोलापूरच्या वाचकास येथे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९१० मध्ये आपल्या शहरात जन्मलेला हा वैद्य चीनमध्ये रुग्णसेवा करीत असता ९ डिसेंबर १९४२ रोजी कालवश झाला. त्यांच्या जीवनावर शांताराम यांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट केला. तो माहितीपट नव्हे, चरित्रपट होय. परदेशी भूमीवर काम करणाऱ्या व्यक्तीचे जीवन पडद्यावर आणताना राष्ट्राला जे रूप हवे होते, ते त्यात साकारले गेले. परभूमीवर गेलेल्या माणसाचे चरित्र नेहमी दोन देशांत विभागलेले असते. कोटणीसांना दोन्ही देशांनी आपले मानले. ऑस्टेन यांचे तसे झाले नाही. आपण त्यांचे चित्रपट घेतले व राजकारण विसरलो. त्यांच्या मायदेशी भारतातील त्यांचे कार्य बराच काळ एका दूरच्या साहसाची कथा बनून राहिले. पूर्ण माणूस कोणाच्याच इतिहासात उभा राहिला नाही.

निष्कर्ष

१) फ्रान्झ ऑस्टेन यांनी भारतीय चित्रपटास स्थलचित्रणाची दृष्टी, चौकटीची शिस्त व स्टुडिओतील कामाची घडी दिली. हे योगदान निर्विवाद आहे.
२) 'अछूत कन्या'सह बॉम्बे टॉकीजच्या चित्रपटांतील सामाजिक आशय हा प्रामुख्याने भारतीय लेखक-निर्मात्यांचा आहे. दिग्दर्शककेंद्री चरित्रातून हे सामूहिक कर्तृत्व झाकले जाण्याचा धोका संभवतो.
३) ऑस्टेन यांचे नाझी पक्षाचे सदस्यत्व ही चरित्रातील तळटीप नव्हे. 'अछूत कन्या' व हे सदस्यत्व एकाच वर्षातील असल्याने त्यांचा विचार एकत्रच झाला पाहिजे.
४) करुणेवर आधारलेली कथा व समतेचा राजकीय आग्रह या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे १९३६ च्या मुंबईकडे पाहताना स्पष्ट होते.
५) चरित्रपर माहितीपट हे इतिहासाचे दुय्यम साधन आहे. इतर कोणत्याही साधनाप्रमाणे त्याची अंतर्गत व बाह्य चिकित्सा केल्याखेरीज तो अध्यापनात वापरू नये.
६) मराठी आत्मचरित्रे व महाराष्ट्रातील युद्धकालीन छावण्यांची दप्तरे ही या विषयाची उपेक्षित साधने असून त्यांवर स्वतंत्र संशोधनास वाव आहे.

समारोप

बॉम्बे टॉकीजचे काम १९५४ च्या सुमारास थांबले आणि मालाडच्या त्या वास्तूचे पूर्वीचे वैभव लयास गेले. उरल्या त्या काही प्रती, काही छायाचित्रे आणि पुष्कळशा आख्यायिका. अशा अवशेषांतून एखाद्याचे जीवन पुन्हा उभे करावयाचे झाल्यास गौरव व निषेध या दोन्ही सोप्या वाटा बंद करून घ्याव्या लागतात. 'अछूत कन्या'चा दिग्दर्शक व १९३६ चा पक्षसदस्य हे एकाच देहात वावरत होते, हे मान्य करून पुढचा प्रश्न विचारणे हे इतिहासकाराचे काम आहे. तो प्रश्न केवळ एका जर्मन गृहस्थापुरता नाही. कलेतून अन्यायाबद्दल हळहळ व्यक्त करावयाची आणि व्यवहारात अन्यायाच्या व्यवस्थेचे सभासद राहावयाचे, ही विसंगती कोणत्याही समाजात आढळू शकते. ऑस्टेन यांच्यावर माहितीपट तयार झाला, तर त्याने प्रेक्षकास या प्रश्नापर्यंत आणून सोडावे. उत्तराचे ओझे निवेदकाच्या आवाजाने उचलू नये.